कोणता ‘बाबा’? एका तमिळ चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आणि चाहत्यांचं साधं मागणं

रजनीकांतचा ‘बाबा’ १५ ऑगस्ट २००२ रोजी लागला आणि पडला. १० डिसेंबर २०२२ रोजी तो पुन्हा लागला, पण जसाच्या तसा नाही. लांबी कमी केलेली, सात मंत्रांचे पाच झालेले, शेवट बदललेला, चित्र आणि ध्वनी नव्याने उजळलेले, काही संवाद रजनीने पुन्हा स्टुडिओत जाऊन डब केलेले. दोन दिवसांवर त्याचा बहात्तरावा वाढदिवस होता. ज्यांनी वीस वर्षं हा सिनेमा टीव्हीवर जाहिरातींच्या मध्येमध्ये, घासलेल्या डिस्कवर किंवा कुणीतरी चढवलेल्या अंधुक फायलीत पाहिला होता, त्यांना तो अखेर तिकीट काढून, उजळ माथ्याने मोठ्या पडद्यावर पाहता आला.

मात्र या लोकांनी जीव लावला होता तो २००२ च्या सिनेमावर. तो पैसे मोजून, परवानगीने, पूर्ण लांबीचा पाहता यावा, एवढंच त्यांचं मागणं आहे. मागणं साधं असलं तरी ते कुणाच्या दारात घेऊन जायचं हे ठरवणं अवघड आहे. ते का, हे या प्रकरणात नीट दिसतं.

सिनेमा आणि त्याचा काळ

कथा रजनीकांतची, निर्मितीही त्याच्याच लोटस इंटरनॅशनलची. दिग्दर्शन सुरेश कृष्णा यांचं. ‘अण्णामलै’ आणि ‘बाषा’ त्यांनीच केले होते. संगीत ए. आर. रहमानचं, नायिका मनीषा कोईराला. संवादलेखनात एस. रामकृष्णन होते, ज्यांना पुढे २०१८ साली तमिळ कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

यातला बाबा म्हणजे चेन्नईतला देव न मानणारा, बिडी ओढणारा, बेफिकीर तरुण. पूर्वजन्मी मात्र तो हिमालयातला सिद्धपुरुष असतो. एके दिवशी तो महावतार बाबाजींसमोर जाऊन उभा राहतो. हे बाबाजी म्हणजे क्रियायोगाच्या परंपरेतले अमर मानले गेलेले योगी. परमहंस योगानंदांच्या १९४६ सालच्या आत्मचरित्रामुळे, म्हणजे मराठीतल्या ‘योगी कथामृत’मुळे, आपल्याकडेही अनेक घरांत त्यांचं नाव माहीत आहे. उत्तराखंडात द्वाराहाटजवळच्या दुनागिरी डोंगरातली त्यांची गुहा रजनीकांतने वारंवार गाठली आहे, आणि मित्रांच्या साथीने त्या भागात यात्रेकरूंसाठी ध्यानकेंद्रही उभं केलं आहे. हा सिनेमा त्याने मनापासून, आपल्या श्रद्धेपोटी काढला होता.

बाबाजी त्याला सात मंत्र देतात. जे मागशील ते होईल, पण प्रत्येक मंत्र एकदाच. बाबाला हे काही पटत नाही. आकाशात एक पतंग दिसतो. तो माझ्या हातात यावा, असं मनाशी म्हणून तो मंत्र पुटपुटतो, आणि पतंग खरोखर हातात येतो. एवढं होऊनही त्याला तो योगायोगच वाटतो आणि पुढचे मंत्रही तो असेच क्षुल्लक गोष्टींवर उधळून टाकतो. हा पतंगाचा प्रसंग मला या सिनेमाचा गाभा वाटतो. ज्याला काहीही मागता आलं असतं त्याने पतंग मागितला, आणि मिळाला तरी त्याचा विश्वास बसला नाही. भक्तीवरच्या सिनेमांत देव भक्ताची परीक्षा घेतो. इथे माणूस देवाची परीक्षा घेत बसतो आणि त्यातच सगळं गमावत जातो.

ही उधळपट्टी २००२ च्या आवृत्तीत सावकाश चालते. अनेकांना ती कंटाळवाणी वाटली आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण सातातले दोन मंत्र काढले की वाया गेलेल्यांची मोजदाद हलकी होते. उरलेल्या मंत्रांचं वजन प्रेक्षकाला ज्या थकव्यातून कळायचं, तो थकवाच निघून जातो.

दुसरी गोष्ट शेवटाची. मूळ सिनेमात सत्तेवर आलेल्या प्रामाणिक माणसाचा खून होतो आणि हिमालयाकडे निघालेला बाबा बाबाजींची वाट सोडून लोकांकडे परत फिरतो. २००२ साली तमिळनाडूत याचा एकच अर्थ लावला गेला. १९९६ च्या निवडणुकीत रजनीकांतने जयललितांविरुद्ध उघड भूमिका घेतली होती, तेव्हापासून तो राजकारणात कधी उतरणार हा प्रश्न हवेत होता. ‘बाबा’चा शेवट चाहत्यांनी जाहीरनाम्यासारखा वाचला. तर्जनी आणि करंगळी वर ठेवून केलेली त्यातली मुद्रा पोस्टरांवरून रिक्षांच्या पाठीवर गेली. पंधरा वर्षांनी, ३१ डिसेंबर २०१७ रोजी, त्याने राजकारणात येण्याची घोषणा करताना ‘आध्यात्मिक राजकारण’ हे शब्द वापरले, आणि त्याच्या संघटनेच्या चिन्हातही हीच मुद्रा होती. २९ डिसेंबर २०२० रोजी प्रकृतीचं कारण देऊन त्याने तो विचार सोडून दिला. दोन वर्षांनी आलेल्या ‘बाबा’चा शेवट वेगळा होता. या दोन गोष्टींचा संबंध आहेच असं मी म्हणणार नाही, पण तमिळनाडूच्या या पंचवीस वर्षांचा अभ्यास करणाऱ्याला दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहता आले पाहिजेत.

पडला कसा, उरला कसा

सिनेमा लागण्याआधीच वातावरण तापलं होतं. पाट्टाळी मक्कळ कट्ची या तिथल्या पक्षाचे नेते एस. रामदास यांनी पडद्यावरच्या बिडी-सिगारेट आणि दारूला विरोध केला. त्यांच्या कार्यकर्त्यांनी राज्याच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आंदोलन केलं, काही ठिकाणी थिएटरांवर हल्ले झाले, रिळं पळवली गेली. म्हणजे या सिनेमाच्या चाहत्यांची तो पाहण्यासाठीची धडपड पहिल्याच आठवड्यात सुरू झाली होती, आणि तीही परवाना घेऊन लागलेल्या खेळासाठी. पुढे गर्दी ओसरली. वितरकांनी चढ्या भावाने घेतलेला सिनेमा गळ्यात आला, तेव्हा रजनीकांतने त्यांचं नुकसान भरून दिलं. त्याचा पुढचा सिनेमा, ‘चंद्रमुखी’, यायला २००५ उजाडलं.

पडलेल्या सिनेमाचं पुढे काय होतं? बहुतेक विसरले जातात. ‘बाबा’ विसरला गेला नाही, कारण त्याला दोन प्रकारचे प्रेक्षक मिळाले. एक रजनीचे चाहते. त्यांच्या मते हा त्याचा सर्वांत खाजगी सिनेमा आहे. १९८५ साली मंत्रालयमच्या राघवेंद्र स्वामींवरचा ‘श्री राघवेंद्रर’ हा आपला शंभरावा चित्रपट म्हणून निवडणारा माणूस इथे पुन्हा तोच विषय स्वतःच्या भाषेत सांगतोय, असं ते मानतात. दुसरे प्रेक्षक बाबाजींना मानणारे. त्यांना रजनीच्या स्टाइलशी देणंघेणं नाही, त्यांना हिमालयातली ती दृश्यं आणि ‘शक्ती कोडु’सारखी गाणी हवी असतात.

मुंबईतही हा प्रेक्षक आहे. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजमध्ये रजनीचा सिनेमा लागला की पहाटेपासून काय चालायचं, हे त्या भागातल्या मराठी माणसांनीही पाहिलं आहे. रजनीकांत जन्माने शिवाजीराव गायकवाड, घरचं बोलणं मराठी, कुटुंब मूळ जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारचं. त्यामुळे आपल्याकडे त्याच्याविषयी जिव्हाळा आहेच. पण त्याचे तमिळ सिनेमे मराठी सबटायटलांसह पाहायला मिळणं दुर्मीळच, आणि जुना, पडलेला सिनेमा असेल तर विषयच संपतो.

कागद कुणाकडे?

आता खऱ्या अडचणीकडे येतो. एखाद्या चाहत्याने किंवा फिल्म सोसायटीने ठरवलं की २००२ चा ‘बाबा’ रीतसर दाखवायचा, तर परवानगी कुणाकडे मागायची?

कायद्याचं उत्तर सोपं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे ‘बाबा’च्या बाबतीत २०६२ च्या अखेरपर्यंत. दिग्दर्शकाला किंवा प्रेक्षकाला यात जागा नाही.

व्यवहाराचं उत्तर मात्र गुंतागुंतीचं असतं. २००२ च्या सुमारास तमिळ सिनेमाचे हक्क तुकड्यातुकड्यांनी विकले जात. थिएटरचे हक्क विभागवार, परदेशचे वेगळे, टीव्हीचे एका वाहिनीला, डिस्कचे आणखी कुणाला, गाण्यांचे ध्वनिमुद्रण कंपनीला. ‘निगेटिव्ह राइट्स’ नावाचा एक प्रकार होता, ज्यात निगेटिव्हसोबत, म्हणजे मूळ फिल्मसोबत, पुढचं सगळंच दिल्याचं मानलं जाई. उपग्रह वाहिन्यांचे करार तर ९९ वर्षांचे किंवा कायमचे असत. कॉपीराइटची नोंदणी आपल्याकडे सक्तीची नाही. जमिनीला निदान सातबारा असतो; सिनेमाचा कोणता तुकडा आज कुणाच्या नावावर आहे, हे एका जागी पाहायची सोयच नाही. ही त्या काळातल्या जवळपास प्रत्येक सिनेमाची गत आहे.

त्यात इंटरनेटवरून सिनेमा दाखवणं हा प्रकार २००२ साली व्यवहारात नव्हताच. मग त्या हक्काचा मालक कोण? कायद्यात २०१२ साली एक दुरुस्ती झाली. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असं धरता येणार नाही, असं कलम १८ सांगतं. कागदावर हे निर्मात्याच्या बाजूचं आहे. पण २०१२ आधीच्या करारांना ते लागू होतं का यावर वाद घालता येतो, आणि वाद घालता येतो एवढंच कारण एखाद्या ओटीटी कंपनीच्या वकिलाला तो सिनेमा बाजूला ठेवायला पुरेसं असतं. नव्या सिनेमाच्या कराराला चार पानं लागतात, तर जुन्याची साखळी तपासायला महिने लागतात, आणि मोबदल्यात मिळणारा प्रेक्षक थोडा. यात कुणाचा दुष्टावा नसतो, त्या कामाचा खर्च कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

हक्कांबद्दल रजनीकांत स्वतः कधीच गाफील नव्हता. ‘बाबा’ येण्याआधी त्याने जाहीर नोटीस देऊन त्या पात्राच्या रूपाचा धंद्यासाठी वापर करायला मनाई केली होती. २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या नावाचा आणि शैलीचा वापर करणाऱ्या एका हिंदी सिनेमाला रोखलं. त्या खटल्याच्या शीर्षकात वादी म्हणून ‘शिवाजीराव गायकवाड’ हेच नाव आहे. नव्या सिनेमांचं संरक्षण तर आणखी कडेकोट. २०१८ साली त्याचा ‘२.०’ हा सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी त्याच न्यायालयाने बारा हजारांहून जास्त वेबसाइटी बंद करायचा आदेश दिला. चोरी रोखणं योग्यच आहे, आणि २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली तेही ठीक. मला खटकतं ते इतकंच की एका रात्रीत बारा हजार दारं बंद करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, पण जुन्या सिनेमाचं एक अधिकृत दार उघडायला साधा पत्ता मिळत नाही.

२०२२ ने काय दिलं, काय राहिलं

डिसेंबर २०२२ च्या पुनःप्रदर्शनाला मी कमी लेखत नाही. निर्मात्याने स्वतः पैसे घालून जुन्या साहित्यावरून नवी डिजिटल प्रत केली, गाण्यांचं ध्वनिमिश्रण नव्याने झालं. वीस वर्षांपूर्वी तोट्यात गेलेल्या सिनेमावर हे कोण करतं? शिवाय कथा ज्याची, निर्मिती ज्याची आणि चेहरा ज्याचा, त्यानेच ती पुन्हा कापली. बाहेरच्या कुणी हात घातलेला नाही. वय वाढल्यावर आपलं जुनं काम घट्ट करावंसं वाटणं समजण्यासारखं आहे, आणि छोटा ‘बाबा’ वेगाने पुढे सरकतो, नव्या प्रेक्षकाला तो सोपा जातो हेही खरं.

पण अधिकृत आवृत्ती म्हणून पुढे तीच चालणार, असं आता दिसतं. उद्या कुठल्या ॲपवर किंवा वाहिनीवर ‘बाबा’ लागला तर आधी लांबी तपासावी. जुना तीन तासांच्या आसपास आहे, नवा बराच आखूड. मंत्र मोजले तरी कळतं. सिनेमाच्या नावाखाली आवृत्तीचं साल लिहायची पद्धत आपल्याकडे नाही, ती निदान पुनःसंकलित सिनेमांसाठी तरी पडायला हवी.

आणि इथे चाहत्यांच्या बाजूने एक चमत्कारिक कायदेशीर पेच उभा राहतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ मध्ये सक्तीच्या परवान्याची सोय आहे. एकदा प्रसिद्ध झालेलं काम मालकाने पुन्हा प्रसिद्ध करायला किंवा जाहीरपणे दाखवायला नकार दिला, आणि त्यामुळे ते लोकांपासून रोखलं गेलं, तर तक्रार करता येते. न्यायालय मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन, मोबदला ठरवून, परवाना देऊ शकतं. पूर्वी हे काम कॉपीराइट बोर्डाकडे होतं, मग बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं. २०२१ साली ते मंडळ रद्द झाल्यापासून ते वाणिज्य न्यायालयांकडे आणि उच्च न्यायालयांच्या वाणिज्य विभागांकडे आलं आहे. नकार म्हणजे तोंडावर ‘नाही’ म्हणणंच नव्हे, अवाजवी अटी घालणं हाही नकार ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली रेडिओ वाहिन्या आणि संगीत कंपनीच्या वादात सांगितलं आहे.

आता ‘बाबा’ला हे लावून पाहा. मालक म्हणेल, सिनेमा रोखलेला कुठे आहे, २०२२ साली तर थिएटरात लावला. चाहते म्हणतील, तो हा नव्हे. मग २००२ ची आणि २०२२ ची आवृत्ती हे एकच ‘काम’ की दोन? दोन मंत्र आणि शेवट बदलला की काम बदलतं का? कलमात याचं उत्तर लिहिलेलं नाही. माझ्या मते दोन वेगळी धरायला हवीत. बदललेल्या प्रतीला सेन्सॉर बोर्डाकडे पुन्हा जावं लागतं. एका सरकारी खात्याला जो फरक नोंदवण्याइतका मोठा वाटतो, तो दुसऱ्या कायद्यात शून्य कसा? तरीही खटल्यापर्यंत जाण्याची घाई मी सुचवणार नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावरच दावा लावणं चाहत्यांनाही रुचणार नाही, आणि तशी वेळ यावी असं इथे काही घडलेलंही नाही.

मागायचं कसं

चाहत्यांच्या मागणीत आजवरची मोठी उणीव म्हणजे ती मोघम असते. ‘बाबा टाका’ या दोन शब्दांना उत्तर द्यायला कुणीच बांधील नसतं. लेखी अर्ज असेल तर गोष्ट वेगळी होते. त्यात आवृत्ती २००२ ची असं स्पष्ट हवं, शक्यतो सेन्सॉर प्रमाणपत्रावरच्या लांबीसह. खेळ कुठे, कोणत्या तारखेला, किती खुर्च्यांच्या सभागृहात, तिकीट आहे की नाही, आणि परवानगीचं शुल्क म्हणून किती द्यायची तयारी आहे, हे सगळं लिहायला हवं. प्रत कोणत्या स्वरूपात हवी, खेळानंतर ती परत कशी करणार, तेही. उत्तरासाठी वाजवी मुदत मागावी आणि पोचपावती जपून ठेवावी. अशा अर्जाला होकार मिळाला तर प्रश्न मिटला. अटी आल्या तर त्यांवर बोलता येतं. काहीच आलं नाही तर निदान कागद तयार होतो, जो पुढे कुठल्याही सक्षम जागी दाखवता येईल. एका गावातल्या एका गटाने असा अर्ज करण्यापेक्षा चेन्नई, बंगळुरू, मुंबई, क्वालालंपूर इथल्या गटांनी एकाच आवृत्तीसाठी एकाच महिन्यात केले, तर मालकालाही त्यात हिशेब दिसेल. चार ठिकाणच्या खेळांचं शुल्क एकत्र आलं तर जुन्या प्रतीचं स्कॅनिंग परवडू शकतं.

दुसरं काम त्याहून निकडीचं आहे. ‘बाबा’ फिल्मवर चित्रित झाला आहे. अशा फिल्मला थंड, कोरडी साठवण लागते आणि चेन्नईची दमट हवा तिला मानवत नाही. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमांच्या प्रती जपायचं काम करतं. आता ते एनएफडीसीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं आहे, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून जुन्या सिनेमांच्या जतनाला निधीही मिळाला आहे. तिथे प्रत ठेवली म्हणजे हक्क सुटत नाही. मालकी निर्मात्याकडेच राहते, प्रत मात्र नीट राहते आणि संशोधकाला परवानगीने पाहता येते. म्हणून अर्जात दुसरा परिच्छेद हाच असावा: २००२ च्या आवृत्तीची एक पूर्ण प्रत, सातही मंत्रांसह आणि मूळ शेवटासह, पुण्याच्या संग्रहालयात जमा करावी, आणि त्यासाठी वाहतुकीचा खर्च लागला तर तो अर्ज करणारे उचलतील.